डूख धरणारी नौका

मी एक जुनी शिडाची नौका आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी मनाने फार मोठी वगैरे नाही. तुमच्या वहीत मोडक्या खुर्च्या, फाटक्या छत्र्या आणि म्हातारी झाडे आपापली कहाणी सांगतात आणि शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळी होतात. करोत बापडी. मी एका माणसावर डूख धरला आणि तो वर्षानुवर्षे जपला. माझ्या फळ्यांना तेल मिळेनासे झाले, तेव्हाही त्या रागाला मी काही कमी पडू दिले नाही. तो शेवटी कसा कामी आला, तेवढेच मला सांगायचे आहे. ज्यांना गोड गोष्ट हवी असेल त्यांनी खुशाल छत्रीकडे जावे.

माझा जन्म खाडीच्या काठावर, उघड्या आभाळाखाली झाला. एक बाप आणि त्याचे दोन मुलगे, तिघेही सुतार. त्यांनी आधी तळाचा लांब कणा टाकला, त्यावर फासळ्या उभ्या केल्या आणि मग वाफेवर मऊ करून एकेक फळी वाकवून बसवली. नाळेजवळची, म्हणजे माझ्या पुढच्या टोकाजवळची, डाव्या बाजूची एक फळी मात्र ऐकेना. धाकट्याने तिला पुन्हा पुन्हा वाकवले, तिने पुन्हा पुन्हा उसळी मारली आणि शेवटी त्याच्या हनुवटीवर असा फटका दिला की तो मटकन खालीच बसला. बाप म्हणाला, "हिचा स्वभावच आहे हा. राहू दे तशी." ती फळी अजूनही जराशी बाहेर आलेली आहे. फळ्यांच्या सांध्यांत कापसाची वळलेली वात ठोकून वर डांबर भरले आणि मला पाण्यात लोटले. मी किंचित डावीकडे कलले, ती कललेलीच राहिले. काठावरची माणसे हसली. त्यातले दोघे पुढे माझ्यावरूनच प्रवासाला निघाले आणि वाटभर त्यांना उलट्या झाल्या. मी काही केले असे माझे म्हणणे नाही.

पहिली काही वर्षे मी कौले, मीठ आणि लाकूडफाटा वाहिला. मग इंजिनाच्या बोटी आल्या आणि माल तिकडे गेला. मला कुणी विचारीना. अशात नौकानयन शिकवणाऱ्या एका शाळेने मला विकत घेतले. त्या शाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे थोरले साहेब म्हणत, त्यांचे एक ठाम मत होते. ज्याला वारा कळत नाही त्याने इंजिनाला हात लावू नये. म्हणून शाळेतल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला आधी माझ्यावर यावे लागे. दोर ओढून तळहाताला फोड आले, शिडाची थप्पड गालावर बसली, सुकाणू हातातून एकदा तरी निसटले, की मगच पुढचा वर्ग.

या मुलांना शिकवायला एक तांडेल होता. तांडेल म्हणजे खलाशांचा म्होरक्या. मुले त्याला मामा म्हणत, म्हणून मीही मामाच म्हणते. मामा अंगाने सुकटलेले, बोलायला कमी आणि कानाने भलतेच तिखट. खाली खोलीत बसून चहा पीत असले तरी ते सांगत, "वरची कप्पी कोरडी पडलीय, कुणीतरी चढून तेल घाला रे." कप्पी म्हणजे डोलकाठीच्या टोकाला बसवलेले ते चाक, ज्यावरून शिडाचा दोर फिरतो. माझी कुठली फळी कशाने कुरकुरते हे त्यांना पाठ होते. रोज सकाळी ते पुढच्या डोलकाठीला कान लावून उभे राहत. नवी मुले फिदीफिदी हसत. मामा म्हणत, "हसा. ही बोलते, मी ऐकतो. तुमच्यापेक्षा कमीच बडबडते."

मामांचा एक नियम होता आणि माझ्यावर तोच कायदा होता. शीड वर चढवले की त्याचा दोर एका लाकडी खुंटीला वेढे देऊन बांधतात. शीड उतरवायचे तर ते वेढे काढावे लागतात, आणि शिडाच्या माथ्याची आडवी काठी खाली येते. ती काठी चार धडधाकट माणसांनी उचलावी एवढी जड. म्हणून दोर सोडणाऱ्याने आधी "सोडतो" अशी हाक द्यायची. डोलकाठीखाली उभ्या असलेल्या माणसाने वर-खाली बघून "सोड" म्हणायचे. उत्तर आले नाही तर पुन्हा हाक द्यायची. तरीही आले नाही तर दोर धरून उभे राहायचे, मग जेवणाची वेळ का टळेना. एकदा खालचा मुलगा उभ्या उभ्या पेंगत होता. दोर धरलेली मुलगी उन्हात रडकुंडीला आली, पण तिने दोर सोडला नाही. मामांनी तिला आपल्या वाटणीचा चहा दिला आणि त्या कुंभकर्णाला सबंध डेक घासायला लावला.

मामांची लेक त्यांचा डबा घेऊन येई. घडी घातलेल्या शिडावर मांडी घालून बसे आणि जाड सुईने फाटके शीड शिवत राही. टाके एकसारखे, घट्ट. मला तिचा हात आवडे. गुदगुल्या होत पण मी हलत नसे.

आता येतो तो. त्याचे नाव मी घेणार नाही, तेवढा मान मी त्याला देत नाही. मुले त्याला पहिला म्हणत, कारण तो प्रत्येक बाबतीत पहिला असे. गाठी बांधण्यात पहिला, पोहण्यात पहिला, साहेब दिसले की नमस्कार करण्यात तर फारच पहिला. हुशार होता, ते मी नाकारत नाही. मामांचाही तो लाडका होता. आणि हेच मला अजून सलते.

शाळेत पाहुणे यायचे होते आणि त्यांच्यासमोर एक चुरस ठेवली होती. पुढच्या डोलकाठीवरचा गट आणि मागच्या डोलकाठीवरचा गट, शीड आधी कोण उतरवतो ते बघायचे. आदल्या दिवशी सराव चालू होता. पहिला पुढच्या गटात, दोरावर. शिडाचा एक कोपरा खालच्या बाजूला अडकला, म्हणून मामा वाकले आणि माझ्या काठाच्या लाकडावर उजवा हात टेकून डाव्याने तो सोडवू लागले. मागच्या गटाने शीड उतरवायला घेतले. पहिल्याने ते बघितले. त्याच्या बोटांना घाई सुटलेली मला जाणवली, खुंटी माझीच ना. एक वेढा, दुसरा वेढा, तिसरा. मी वाट बघत होते, आता हाक देईल, आता देईल.

त्याने हाक दिलीच नाही. आडवी काठी खाली आली ती मामांच्या उजव्या हातावर.

चौकशी माझ्याच खोलीत झाली. मामा हाताला भलेमोठे फडके गुंडाळून बसले होते. पहिला थोरल्या साहेबांसमोर उभा राहिला. डोळ्यांत पाणी, आवाज मऊ. म्हणाला, "सर, मी हाक दिली होती. मामा काहीतरी बोलले, मला वाटलं 'सोड' म्हणाले. त्यांना माझी हाक ऐकूच आली नसणार. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं, सर. त्यांना वाईट वाटेल म्हणून आम्ही कुणी बोललो नाही."

बाकीच्या मुलांतल्या कुणाचेही त्या क्षणी तिकडे लक्ष नव्हते आणि पहिल्याशी वाकडे कुणाला घ्यायचे नव्हते, सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. मामा एवढेच म्हणाले, "हाक आली नाही." थोरल्या साहेबांनी दारातून, पाठमोरे होऊन, हलक्या आवाजात मामांना काहीतरी विचारले. बहुधा परीक्षा घेतली. पण मामा त्या वेळी कळांनी अर्धे बेशुद्ध होते आणि पहिल्याच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी उत्तर दिले नाही. झाले! थोरल्या साहेबांनी मान हलवली. माणूस भला होता, पण त्या दिवशी त्याने घात केला. मामांना घरी पाठवले ते हात गेला म्हणून नाही, कान गेले म्हणून. ज्याच्या कानांवर मी जगत होते त्याला बहिरा तांडेल म्हणून उतरवले, मित्रांनो. उतरायच्या फळीकडे जाताना ते पुढच्या डोलकाठीपाशी थांबले, डावा हात तिच्यावर ठेवला आणि गेले. त्याच क्षणी मी ठरवले.

आता नौकेने ठरवून काय होते, असे तुम्ही म्हणाल. नौकेला हात नसतात, जीभ नसते. पण सांधे असतात. पहिल्याचा पलंग खालच्या खोलीत होता आणि त्याच्या उशीच्या बरोब्बर वर माझ्या डेकचा एक सांधा होता. मी तो उघडला. फार नाही, केसभर. रोज डेक धुतला की दिवसभर मुरलेले पाणी तिथून एकेक थेंब खाली पडे, आणि तो नेमका निजल्यावर. त्याने सांध्यात कापूस कोंबला. मी शेजारचा सांधा उघडला. त्याने पलंग फिरवून घेतला, तर मी डावीकडे जराशी जास्त कलले आणि थेंब त्याच्यामागे गेला. सुताराने डांबर ओतले, मी दोन दिवस गप्प बसले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. पहिला सर्दीने नाक ओढत परीक्षेला बसला. तरी पहिलाच आला मेला! बक्षिसाचा चषक छातीशी धरून उतरताना माझ्या उंबऱ्याला अडखळला आणि चषकाला पोचा पडला. तेवढ्यावर मला समाधान मानावे लागले.

मग बरीच वर्षे गेली. दुसरे तांडेल आले, चांगले होते, पण डोलकाठीला कान कुणी लावला नाही. "सोडतो" आणि "सोड" ही पद्धतही हळूहळू गेली, शिट्टी आली. थोरले साहेब निवृत्त झाले. आणि एके दिवशी धक्क्यावर शाळेचे नवे प्रमुख येऊन उभे राहिले. केस पांढरे, चाल ऐटीची, पण हात मी ओळखले. पहिला!

तो माझ्यावर चढला नाही. धक्क्यावरूनच बघितले, पुढच्या डोलकाठीवर नजर गेली तशी चटकन काढून घेतली. पुढच्या महिन्यात माझ्या फेऱ्या बंद झाल्या. शाळेत एक मोठा पडदा आला, त्यावर समुद्र दिसे आणि मुले खुर्चीत बसून सुकाणू फिरवत. मला धक्क्याच्या अगदी टोकाला, कचऱ्याच्या डब्यांपलीकडे बांधून ठेवले. ऊन खाऊन माझ्या वरच्या फळ्या आकसल्या, तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटले, दोर कुजले. पक्ष्यांनी माझ्या डेकचे जे काय करायचे ते केले. येणारे-जाणारे म्हणत, किती वाईट अवस्था झालीय बिचारीची. बिचारी म्हटलेले मला अजिबात खपत नाही. मी बिचारी नव्हते, मी वाट बघत होते.

पुढच्या डोलकाठीवरची कप्पी त्या काळातच तडकली. लोखंडी पट्टीच्या आतल्या बाजूला, खालून दिसणार नाही अशी. ती तडक मला कळली तेव्हा मला काय आनंद झाला म्हणून सांगू! एखादी बाई ठेवणीतले पातळ जपून ठेवते तशी मी ती तडक जपून ठेवली. कधी ना कधी तो येईल, त्या कप्पीखाली उभा राहील, आणि मग बघू.

तो यायचा योग त्यानेच आणला. त्याने ठरवले की ही नौका धोक्याची झाली आहे, हिच्या डोलकाठ्या कापाव्यात, हिला पाण्यातून काढून शाळेच्या फाटकाशी सिमेंटच्या चौथऱ्यावर ठेवावे आणि पोटात माती भरून फुलझाडे लावावीत. ऐकताय ना? माझ्या पोटात माती! नौकेची कुंडी! कापायचा दिवस शाळेच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी ठरला. पण वाढदिवसाला थोरले साहेब येणार होते. पार वाकलेले, काठी टेकत चालणारे. त्यांनी निरोप धाडला की कापायची तर कापा, पण त्याआधी मला एकदा शिडावर फिरवा, आणि शेवटी शीड उतरवताना पुढच्या दोरावर माझा पहिला विद्यार्थी हवा. नाही म्हणायला पहिल्याला तोंड नव्हते.

मला तात्पुरते उभे करायला एक सुतार आला आणि शिडे शिवायला एक बाई आली. तिने जाड सुई ओवली, पहिला टाका घातला आणि मी ओळखले. मामांची लेक! कपाळावर आठ्या, हात मात्र तोच. सुताराने सहज विचारले, बाबा कसे आहेत. ती दोरा तोडत म्हणाली, "घरी बसलेत. कडी वाजायच्या आधी दारात कोण आलंय ते सांगतात. जिन्यावर मांजर चढलं तरी कळतं त्यांना. आणि अख्ख्या गल्लीत नाव काय, तर बहिरा तांडेल. माझी मुलंसुद्धा शाळेत बहिऱ्याची नातवंडं."

सुतार म्हणाला, जाऊ द्या हो ताई, जुनी गोष्ट झाली.

"तुम्ही द्या जाऊ," ती म्हणाली. "तुमचा हात शाबूत आहे."

मला तिला कडकडून मिठी मारावीशी वाटली. इतकी वर्षे मला वाटत होते की हा राग मी एकटीच वाहते आहे. सुतार डोलकाठीच्या टोकापर्यंत चढला, कप्पीला ठोकून बघितले आणि वरून रंग फासून उतरला. मी श्वास रोखून धरला होता. सापडली नाही. मी आणि मामांची लेक, आम्ही दोघी आपापल्या तयारीत होतो. तिची तयारी मला माहीत नव्हती आणि माझी तिला.

वाढदिवस उजाडला. धक्क्यावर झेंड्यांच्या माळा, बाके, पाहुणे. शाळेची मुले-मुली पांढऱ्या कपड्यांत डेकवर रांगेने उभी. थोरले साहेब खुर्चीत. पहिला शेवटी चढला. त्याचा पाय माझ्या फळीवर पडला आणि मला शिसारी आली. पण मग शिडे वर गेली, नव्या टाक्यांच्या कापडात वारा भरला, मी कललेल्या अंगाने पाणी कापत सुटले, आणि खोटे कशाला बोलू, क्षणभर मी सगळे विसरले. मुली ओरडत होत्या, थोरले साहेब लहान मुलासारखे काठी आपटत होते. पडद्यावरच्या समुद्रात यातले काय येते? क्षणभर विसरले. क्षणभरच.

परत धक्क्याजवळ आलो. मधे एखाद-दोन होड्या मावतील एवढेच पाणी उरले असेल. शीड उतरवायची वेळ झाली. माझा हिशेब साधा होता, दोराला नावापुरता हात लावून तो पाहुण्यांदेखत डोलकाठीखाली मिरवत उभा राहील. पण थोरल्या साहेबांनी त्याला बाजूला, खुंटीपाशी उभे केले. दोर त्याच्या हातात. आणि डोलकाठीखाली, शीड गोळा करायला, एक शिकाऊ मुलगी होती तिला मामांच्या लेकीने खांद्याला धरून बाजूला केले. "तू हो बाजूला बाळ, हे माझं काम आहे." आणि ती स्वतः तिथे उभी राहिली, बरोब्बर त्याच जागी, उजवा हात काठावर टेकून.

माझ्या कण्यातून कळ गेली. ज्याच्यासाठी ती तडक ठेवली होती तो सुरक्षित जागी, आणि तडकेखाली मामांची लेक! अगं बाजूला हो, असे मी किती ओरडले. पण नौकेचे ओरडणे म्हणजे कुरकुर. ती कोण ऐकणार?

पहिल्याने वेढे काढायला सुरुवात केली. एक, दोन. शेवटच्या वेढ्याशी हात थांबला. इतक्या वर्षांनी, इतक्या लोकांदेखत, त्याला हाक देणे भाग होते, कारण थोरले साहेब बघत होते. त्याने डोलकाठीखाली बघितले. कोण उभे आहे ते त्याला कळले असावे, कारण त्याचा चेहरा उतरला. त्याने घसा साफ केला, पण ती आधीच बोलली. आवाज चढवला नाही.

"मी नाही उत्तर देणार, साहेब. ज्यांच्या उत्तरासाठी थांबायचं राहून गेलं होतं, त्यांना विचारा. ते बघा, धक्क्यावर बसलेत."

सगळ्यांनी तिकडे बघितले. बाकांच्या मागे, दोर गुंडाळायच्या लोखंडी खुंटावर मामा बसले होते. आणखी सुकटलेले. उजवा हात मांडीवर, वाळलेल्या मुळीसारखा. ते पाण्याकडे बघत होते.

पहिला एवढेच पुटपुटला, "सोडतो." माझ्या डेकवर शेजारी उभ्या मुलीलाही ते ऐकू गेले नाही, तिने "काय म्हणाले?" असे मैत्रिणीला विचारले.

धक्क्यावरून उत्तर आले. "सोडू नको. खाली माणूस आहे."

त्या दिवशी हाक मिळाली असती तर मामांनी हेच म्हटले असते. हेच शब्द, याच आवाजात. एवढ्या वर्षांत ते त्यांच्या घशात तसेच राहिले होते. आणि तेवढ्यात माझी कप्पी कुरकुरली. खरोखर एवढीशी. जवळ उभ्या कुणाचे लक्षही गेले नाही. पण मामा ताडकन उठून उभे राहिले.

"पोरी, बाजूला हो. कप्पी तुटतेय."

तिने का, कुठली, कशावरून, काही विचारले नाही. बापाच्या कानावर तिचा विश्वास होता. तिने उडी मारली, आणि तिचा पदर सावरला जातो न जातो तोच वरून कडाड आवाज झाला आणि ती आडवी काठी शिडासकट खाली आली. ती उभी होती तिथल्या माझ्या दोन फळ्या मोडल्या. दुखले. पण मोडल्या त्या माझ्या, तिचे काही नाही, म्हणून मी चकार शब्द काढला नाही. पहिला खुंटीपाशी तसाच उभा होता, हातात ढिला दोर धरून.

थोरले साहेब काठीवर जोर देऊन उठले. धक्क्याकडे बघितले, वर तुटल्या कप्पीकडे बघितले, मग पहिल्याकडे.

"या माणसाला तर ऐकू येतं," ते म्हणाले. "आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त येतं. मग त्या दिवशी तू हाक दिली होतीस का?"

पहिल्याने ढिला दोर उगाच खुंटीला गुंडाळायला घेतला. मला वाटले आता पुन्हा डोळ्यांत पाणी आणेल, मऊ बोलेल. पण खोटे बोलायला समोर निदान एक तरी माणूस विश्वास ठेवणारा लागतो, आणि तिथे आता कुणी उरले नव्हते.

"नाही," तो म्हणाला.

मित्रांनो, इथे छत्रीची गोष्ट संपली असती. माझी नाही.

मी धक्क्याला लागले, उतरायची फळी टाकली. पहिला सगळ्यांच्या आधी उतरला, इथेही पहिला, आणि पाहुण्यांतून वाट काढत मामांपाशी गेला. खाली वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, "मामा, मला माफ करा."

मामांनी त्याच्याकडे बघितले. मग तो मोडका उजवा हात हळूहळू उचलला आणि कानामागे धरला.

"काय म्हणालास? मला कमी ऐकू येतं."

पहिल्याने इकडेतिकडे बघितले. जरा मोठ्याने म्हणाला. मामांनी मान हलवली. "नाही रे कळत. हल्ली फारच कमी झालंय." बाकांवरचे पाहुणे वळून बघत होते. डेकवरची मुले काठाशी ओळीने उभी राहून ऐकत होती. मामांची लेक शिडावर हात ठेवून उभी होती. शेवटी त्याने सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले की त्या दिवशी मी हाक दिली नव्हती, मामांचे कान चांगले होते, मी खोटे बोललो, मला माफ करा.

"हां, आता आलं ऐकू," मामा म्हणाले, आणि लेकीला हाक मारून घरी निघाले. माफ केले की नाही, ते काही बोलले नाहीत. मला विचाराल तर नाही केले. आणि त्यांनी का करावे?

पहिल्याने ती नोकरी सोडली. जाईपर्यंत शाळेतली मुले त्याच्या पाठीमागे त्याला ढिला दोर म्हणत. थोरल्या साहेबांनी आपला शब्द खर्ची घालून माझ्या डोलकाठ्या वाचवल्या, आणि मामांच्या घरी जाऊन आपलीही चूक कबूल केली, असे मामांची लेक सुताराला सांगत होती. माझ्या मोडक्या फळ्यांच्या जागी नव्या आल्या, कप्पी नवी आली, तेल मिळू लागले. मुले पुन्हा माझ्यावर येतात. मामा कधीमधी येतात, डोलकाठीला कान लावतात. मला त्यांनी एकदा हळूच म्हटले, "तडक ठाऊक होती ना तुला?" मी कुरकुरले नाही.

तर मित्रांनो, कळकळीने सांगते. जुन्या लाकडाला तेल द्या, डांबर द्या, त्याच्या पोटात माती घालू नका. दोर सोडण्याआधी हाक द्या आणि उत्तर येईपर्यंत थांबा, बाकीचे पुढे गेले तरी. दुसऱ्याच्या डोक्यावर आपले खापर फोडू नका. यातले काही विसरलात तरी मी रागावणार नाही, आरडाओरडा तर मुळीच करणार नाही. फक्त माझ्यावर शिकायला याल तेव्हा एक गोष्ट ध्यानात असू द्या. खाली खोलीत कुणाची उशी कुठे असते, हे मला माहीत आहे.